चातुर्मासात इग्वानाचा पाला



आमच्या कापूरहोळच्या घरी इग्वाना आहे हे कळल्यापासून मला दोनच प्रश्न येतात. तो किडे खातो का? आणि चातुर्मासात त्याला काय घालता? दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, पण पहिल्यापासून सुरुवात करते.

नातवाला आधी लेपर्ड गेको हवा होता. पिवळा, ठिपक्यांचा, पालीसारखा गोंडस प्राणी. मी नाही म्हटलं. त्याला जिवंत नाकतोडे आणि अळ्या लागतात, रोज मोजून. 'आजी, आपण त्याला पनीर देऊ,' असं नातू म्हणाला. पण किडे खाणाऱ्या जिवाला पनीर घालणं ही दया नव्हे, ते त्याला हळूहळू मारणं झालं. त्याचं शरीर आपल्या पच्चक्खाणाप्रमाणे चालत नाही. ज्याचं अन्न आपल्या हातून घालवणार नाही, तो जीव घरात आणूच नये, असं माझं मत आहे.

हिरवा इग्वाना मात्र पूर्ण पालाखाऊ. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, झाडावर राहणारा. त्याला अंडं किंवा मांस घातलं तर उलट मूत्रपिंडं बिघडतात. नातू शिकायला बाहेर गेला आणि हा माझ्याकडे राहिला. पाठशाळेत जीवविचार शिकताना आपण भुजपरिसर्प म्हणून पाठ केलं होतं, हातांच्या बळावर चालणारे. त्यातला हा एक पंचेंद्रिय रोज सकाळी माझ्याकडे मान वर करून बघतो.

आता चातुर्मास. आषाढ ते कार्तिक आमच्या घरात पालेभाजी येत नाही, तुमच्याकडेही नसेल. पावसात पानांवर बारीक जीव असतात. आणि याचं तर जेवणच पाला! एका नात्यातल्या काकूंनी सुचवलं, चार महिने दुधी आणि काकडी घाला. पण त्यात कॅल्शियम फार थोडं. कॅल्शियम कमी पडलं की इग्वानाचं शरीर स्वतःच्याच हाडांतून ते काढून घेतं. जबडा मऊ पडतो, पाय सुजतात, अंग थरथरतं. पाळीव इग्वानांचा हा नेहमीचा आजार.

पहिल्या अणुव्रताचे अतिचार आठवा. आश्रित जिवाचं अन्नपाणी तोडणं हा त्यातलाच एक. पालेभाजीचा त्याग माझ्या तोंडाचा आहे, त्याने काही नियम घेतलेला नाही. म्हणून बाजारची जुडी आणत नाही, पण परसातल्या शेवग्याचा आणि जास्वंदीचा पाला रोज काढते. दिवसाउजेडी, एकेक पान उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी बघायचं. कीड दिसली तर ते पान झाडाखालीच ठेवायचं. अर्धा तास जातो. प्रतिक्रमणाला बसण्याआधीचं माझं हे एक वेगळंच पडिलेहण.

बी.कॉम. झालेली असल्यामुळे मी त्याचा आहार जमाखर्चासारखा बघते. कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवं. पालक कागदावर श्रीमंत दिसतो, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. म्हणजे पासबुकात जमा, हातात काही नाही. राजगिऱ्याचंही तेच. शेवगा आणि जास्वंद रोजच्या, त्यात किसलेला लाल भोपळा, थोडा घेवडा, जास्वंदीचं फूल (हे सगळ्यात आधी संपतं). फळ क्वचित, पपईची एखादी फोड. अनेक तक्त्यांत गाजर असतं. आपल्या घरात कंदमूळ नाही, आणि भोपळा ते काम करतो, त्यामुळे तिथे अडलं नाही. पोळी, भात, दूध काही नाही, कितीही मान वर केली तरी.

अतिचारांतला पहिला बंध, आणि तो मला अजूनही बोचतो. दुकानात मिळतो तेव्हा तळहाताएवढा असतो, वाढून शेपटीसकट पाच फूट होतो. काचेच्या पेटीत त्याचं आयुष्य म्हणजे कैदच. आम्ही मागची गॅलरी जाळी लावून त्याला दिली. सात फूट उंच, आत जाड आडव्या फांद्या, कारण त्याला उंचावर बसल्याशिवाय स्वस्थता नाही. वरच्या फांदीवर दिव्याखाली ३२ ते ३५ अंश, खाली गार सावली. हवं तिकडे तो स्वतः सरकतो.

ऊन लागतंच. अन्नातलं कॅल्शियम अंगी लागायला अतिनील किरण हवेत, आणि खिडकीची काच ते अडवते. काचेतून आलेलं ऊन दिसायला छान, उपयोगाला शून्य. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसेंदिवस ऊन नसतं, तेव्हा यूव्हीबी ट्यूब दहा-बारा तास चालू ठेवतो. ती उजेड देत राहते, पण किरण काही महिन्यांत कमी होतात. म्हणून बसवल्याची तारीख मार्करने ट्यूबवरच लिहिली आहे. वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर आधी त्याचा उबेचा दिवा, मग आमचा टीव्ही. यजमानांची कुरकुर असते.

भांडी वेगळी, आणि त्याला स्वयंपाकघरात प्रवेश नाही. हे शिवाशिवीचं नाही. सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात. हात लावला की साबणाने धुवायचे, लहान मुलं असतील तर जास्तच सांभाळून. शेपूट धरायची नाही, ती तुटते.

नोंदणीचंही सांगते. आपली पाल, सरडा, घोरपड पिंजऱ्यात ठेवायचा विचारही नको. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आणि हो, तिजोरीत ठेवायला 'हत्थाजोडी' नावाची मुळी कोणी विकत असेल तर घेऊ नका. ती मुळी नसते, मारलेल्या नर घोरपडीचा वाळवलेला अवयव असतो. इग्वाना परदेशी, तरी त्याचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. २०२४ साली तसे नियम आले.

झेपत नाही म्हणून जीवदया समजून बनेश्वरच्या झाडीत सोडून देऊ, असं एकीने विचारलं होतं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये असे सोडलेले आणि सुटलेले इग्वाना पसरले आहेत. थंडीची लाट आली की ते गारठून झाडांवरून खाली पडतात. आपल्या भोरकडची डिसेंबरातली पहाट त्याला कशी सोसणार? चांगला सांभाळला तर इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो. मी सहासष्ट वर्षांची. म्हणून नातवाकडून कागदावर लिहून घेतलं आहे की माझ्यानंतर तो त्याचा, आणि त्या कागदाखाली शेवग्याची दोन नवी रोपं लावायची जागाही नोंदवली आहे.