पठारावरची उघडी दारं

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागात सुमारे हजार मीटर उंचीवर एक पठार आहे. हिवाळ्यात तिथं ‘ब्युर्ल’ नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, भुसभुशीत बर्फ उडवून वाटा बुजवतो आणि शेतघरं दिवसच्या दिवस एकमेकांपासून तुटतात. घरं दगडी, भिंती जाड, खिडक्या लहान. बटाटे, राय आणि गोठ्यातल्या चार गाई, यांवर संसार चालायचे. या पठारावरच्या ल शांबों-स्युर-लिन्यों या गावानं आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांनी दुसऱ्या महायुद्धात काही हजार निर्वासितांना आसरा दिला. त्यांत ज्यू मोठ्या संख्येनं होते, आणि मुलं तर फारच.

इथले बहुतेक लोक प्रोटेस्टंट, कॅथलिक देशातले मूठभर. १६८५ मध्ये चौदाव्या लुईनं त्यांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. प्रार्थनामंदिरं पाडली गेली, पाळक फासावर चढले, कित्येक पुरुष साखळदंडांत गलबतांची वल्ही मारत मेले. उरलेले रानात, दऱ्याखोऱ्यांत लपून उपासना करत राहिले. त्यांना कायद्यानं पुन्हा मान्यता मिळाली ती थेट १७८७ मध्ये. या हकिकती आज्या नातवंडांना चुलीपुढं सांगत आल्या. शिपाई दारात आला की काय करायचं, हे त्या घरांना शिकवावं लागलं नाही.

परक्या मुलांना घरात घेण्याचीही त्यांना जुनी सवय होती. सेंत-एत्येन या खाणींच्या शहरातले पाळक लुई कोंत यांनी १८९३ मध्ये कामगारांच्या अशक्त मुलांना उन्हाळ्यात पठारावर पाठवायला सुरुवात केली. तेव्हापासून दर वर्षी मुलं यायची, काही वर्षांनी नॅरोगेजच्या छोट्या गाडीतून उतरायची, आणि शेतकऱ्यांच्या घरी दूध पिऊन, रानात हुंदडून परत जायची. पुढे याच गाडीनं वेगळी मुलं आली. त्यांच्याजवळ बोचकं असायचं, कधी खोटं नावही असायचं, आणि त्यांच्या परतीची तारीख कोणालाच ठाऊक नसायची.

जून १९४० मध्ये फ्रान्स शरण गेला. युद्धविराम झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जूनच्या रविवारी, पाळक आंद्रे त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेस यांनी मंडळीला सांगितलं, की शुभवर्तमानाविरुद्ध आज्ञा आली तर ती पाळायची नाही आणि प्रतिकार करायचा तो आत्मिक शस्त्रांनी. ज्या मंदिरात हे शब्द उच्चारले गेले त्याच्या दारावर एकमेकांवर प्रेम करण्याची ख्रिस्ताची आज्ञा कोरलेली आहे.

पण उपदेश ऐकून माणसं घरी जातात, जेवतात आणि विसरतात, हा सगळ्या गावांचा अनुभव. शांबोंत तसं झालं नाही, याचं कारण शोधायचं तर व्यासपीठाकडून स्वयंपाकघराकडे वळावं लागतं. त्या हिवाळ्यात जर्मनीतून पळालेली एक ज्यू बाई पाळकांच्या घरी आली. बर्फानं भिजलेली, थंडीनं कुडकुडणारी. पाळकांच्या पत्नी माग्दा यांनी कसलीही चौकशी न करता तिला आत घेतलं, तिचे ओले जोडे शेगडीपाशी वाळत घातले आणि तिच्या कागदपत्रांची काही सोय होते का, ते पाहायला त्या महापौरांकडे गेल्या. तिथं नकार मिळाला. एका परकीसाठी सगळं गाव धोक्यात घालणार का, असं त्यांनाच सुनावलं गेलं. परत येऊन पाहतात तो जोडे जळालेले. चामडं तेव्हा दुर्मीळ, सगळंच रेशनवर. माग्दा पुन्हा बाहेर पडल्या, या वेळी जोड्यांसाठी. गावातला पहिला दरवाजा उघडला तो असा, आणि गावातला पहिला नकारही त्याच दिवशीचा.

पुढे दरवाजे वाढत गेले. गावात बायबल-अभ्यासाचे १३ गट होते. त्यांचे प्रमुख दर पंधरवड्याला पाळकांकडे जमत आणि त्याच वाटेनं निरोप जात. कोणाच्या गोठ्यावरच्या माळ्यावर कोण निजतो, हे शेजाऱ्याला कळायचं; पण तो बोलायचा नाही. संपूर्ण यादी कोणाकडेच नव्हती. ओस्कार रोसोव्स्की हा डॉक्टर व्हायची इच्छा असलेला ज्यू तरुण खोटी ओळखपत्रं बनवी, आणि ती शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांत लपवली जात.

ऑगस्ट १९४२ मध्ये, जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारच्या युवक खात्याचे प्रमुख गावात आले. गावातल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हातात पत्र दिलं: पॅरिसमधली ज्यूंची धरपकड आम्हाला कळली आहे, इथं तसं झालं तर आम्ही माणसं लपवू. दोनेक आठवड्यांत पोलीस बसगाड्या घेऊन आले. त्यांनी ज्यूंची यादी मागितली. त्रोक्मे यांनी ती देणार नाही असं तोंडावर सांगितलं. मुलं रानात, दूरच्या वस्त्यांवर पांगली होती. काही आठवडे मुक्काम ठोकून बसगाड्या जवळजवळ रिकाम्याच परतल्या.

फेब्रुवारी १९४३ मध्ये त्रोक्मे, तेस आणि शाळेचे मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. न्यायला आलेल्या पोलिसांनाही माग्दांनी जेवायला वाढलं. बातमी घरोघर गेली आणि लोक एकेक वस्तू घेऊन आले: कोणी मेणबत्ती आणली, कोणी सार्डिनचा डबा, कोणी सॉसेज. ही त्या टंचाईत जपून ठेवलेली माणसांची शिल्लक होती. तिघं महिनाभरानं सुटले. सगळे सुटले नाहीत. २९ जून १९४३ रोजी जर्मनांनी ‘मेझों दे रोश’ या वसतिगृहावर छापा घातला. तिथले प्रमुख दानिएल त्रोक्मे यांना पळता आलं असतं. ते मुलांसोबत गेले आणि १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत वारले. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना ऑगस्ट १९४४ मध्ये लिऑनजवळ गोळ्या घातल्या गेल्या.

या सगळ्याचं श्रेय एका तेजस्वी पाळकाला देणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. आंद्रे त्रोक्मे तुरुंगात होते तेव्हाही दरवाजे उघडेच राहिले. दूरच्या वस्त्यांवरचे कडवे दार्बिस्ट पंथीय ज्यूंना पवित्र शास्त्रातली माणसं मानून घरात घेत होते. त्यांना पाळकाची गरजही नव्हती. काही कॅथलिक घरंही यात होती. इथली श्रद्धा बटाट्याच्या सूपात आणखी एक वाटी पाणी घालून जेवणाऱ्याला जागा करत होती. ती रोजची होती, न बोलता चाललेली होती आणि तिची किंमत रोज नव्यानं मोजावी लागत होती. अशा श्रद्धेचा इतिहास लिहिताना नावं अपुरी पडतात, कारण ज्यांनी केलं त्यांनी नंतरही सांगितलं नाही.

१९९० मध्ये इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेनं शांबों आणि परिसरातल्या रहिवाशांचा एकत्रित गौरव केला. २०१३ मध्ये गावात स्मृतिसंग्रहालय उघडलं. व्हिएन्नात जन्मलेला एक मुलगा १९४३ मध्ये आईवडिलांसोबत या गावात आला होता. डिसेंबर २०२० मध्ये, नव्वदाव्या वर्षी तो वारला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात गावासाठी सुमारे २० लाख युरो निघाले. हा पैसा मुलांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावा, अशी त्याची इच्छा होती.