पासिंग आणि पाटे

पिकअप घ्यायला निघालेला माणूस आधी दोनच गोष्टी विचारतो. चढाला गाडी ओढते कशी, आणि हौदा किती फुटी? प्रश्न रास्त आहेत. पण ज्याला कांदा, सिमेंट, सळई, खताची पोती असला जड माल न्यायचा आहे, त्याने यावरून गाडी ठरवू नये असे माझे ठाम मत आहे. भरलेली गाडी उतारावर किती भरवशाने थांबते, हे आधी पाहावे. ओढ कमी पडली तर गाडी रखडेल, फार तर क्लच प्लेट जळेल. ब्रेक कमी पडले तर ज्यांचा आपल्या भाड्याशी काही संबंध नाही अशी रस्त्यावरची माणसेही त्यात सापडतात.

हौद्याच्या मापाने तर सर्वांत जास्त फसगत होते. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि दीड फूट फाळक्याचा हौदा घ्या. त्यात पाऊण ब्रासच्या आसपास वाळू मावते. पाऊण ब्रास वाळू म्हणजे कोरडी असली तरी तीन टनांच्या वर, आणि ओली असेल तर आणखी जास्त. ज्या गाडीचे पासिंग दीड टनाचे, तिचा हौदा दुप्पट वजन बिनतक्रार पोटात घेतो. त्याच हौद्यात कोथिंबिरीच्या जुड्या शिगेला लावल्या तरी गाडीला काही कळत नाही. म्हणून हौदा पाहायच्या आधी आपला नेहमीचा माल काट्यावर किती भरतो ते माहीत हवे. मग आरसी बुक उघडून भरलेल्या गाडीच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. समजा उत्तर तेराशे किलो आले. त्यातून केबिनमधली तीन माणसे गेली, मागाहून ठोकून घेतलेला लोखंडी पत्रा आणि जाळी गेली, ताडपत्री-दोर गेले. मालासाठी हजार-अकराशे किलो उरतात. नेहमीची खेप बाराशेची असेल तर ही गाडी आपली नव्हे, किंमत कितीही परवडो.

उताराचा मुद्दा आकड्यांत मांडला की त्याची जात कळते. तीन टनांची भरलेली गाडी ताशी 60 किलोमीटरवरून पूर्ण थांबवायची तर ब्रेकना साधारण सव्वाचार लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीच गाडी लोणावळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीला येते तेव्हा सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते, आणि त्या उताराची ऊर्जा होते एक कोटी साठ लाख ज्यूल. म्हणजे साठच्या वेगावरून जवळपास चाळीस वेळा थांबण्याइतकी, तीही सलग, ब्रेकना थंड व्हायला उसंत न देता. यातला मोठा वाटा इंजिनाने उचलायचा असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढू त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम त्यासाठीच आहे. तो वाटा ब्रेकवर टाकला की ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते, आणि ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलेले असेल तर ते उकळते. डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. उकळलेल्या ऑइलात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जाते. डिझेल वाचते म्हणून घाटात न्यूट्रल करणाऱ्यांनी तर हे ध्यानात घ्यावेच की आजच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेल जवळजवळ तुटतेच. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळत राहते.

आता पाट्यांविषयी, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. गाडी मागून बसते म्हणून नवी गाडी थेट पाटेवाल्याकडे नेऊन दोन पाटे वाढवायची रीत आहे. गाडी मग उभी दिसते आणि मालकाला वाटते, ताकद वाढली. बऱ्याच पिकअपांत, विशेषतः एबीएस येण्याआधीच्या, मागच्या ॲक्सलजवळ चेसिसला एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चेसिस खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असताना तोच दाब अडवतो, नाहीतर हलकी मागची चाके लॉक होऊन गाडी फिरेल. पाटे वाढवले की भरलेली गाडीही पुरती बसत नाही. व्हॉल्व्हच्या हिशेबी ती निम्मी रिकामी! मग मागचे ब्रेक सर्वांत जास्त हवे त्या क्षणी कमी लागतात, आणि सगळा ताण पुढच्या डिस्कवर जातो. टायर, ॲक्सल, बेअरिंग तर होते तेच राहिलेले असतात. 108 लोड इंडेक्सचा टायर हजार किलोचा. मागे दोनच चाके असतील तर तिथे दोन टनांची हद्द झाली, वर पाटे कितीही असोत.

यावर हमखास ऐकू येते की कंपनी मार्जिन ठेवतेच. ठेवते, पण ते खड्ड्यासाठी असते. भरलेले चाक खड्ड्यात आदळते तेव्हा त्या क्षणी त्यावरचा भार उभ्या भाराच्या कितीतरी वर जातो. मार्जिन मालाने आधीच खाल्ले असेल तर खड्ड्याला काय उरले? दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: भाडे खेपेवर ठरते, शेजारचा दोन टन भरतो, तर कायद्याने भरणाऱ्याचे चालायचे कसे? ही अडचण मी हलकी मानत नाही. हप्ता दर महिन्याला येतो आणि बाजार समितीत माल वेळेवर पोचावा लागतो. पण याचे उत्तर गाडी निवडतानाच द्यायला हवे, निवडून झाल्यावर पाट्यांनी नव्हे. रोज पावणेदोन टन न्यायचे असतील तर दोन टनांच्या पासिंगची पिकअप घ्यावी, आणि त्याच्या वर जायचे असेल तर मागे डबल चाकांची गाडी. हप्ता वाढेल. त्यासमोर टायर, लायनर, क्लच यांचा खर्च मांडावा, शिवाय 2019 च्या दुरुस्तीने कलम 194 मध्ये आलेला जादा भाराचा दंडही धरावा: 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. अपघातानंतर विमा कंपनी वजनाची पावती मागते, हे वेगळेच.

जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी मागच्या चाकाजवळ खाली वाकावे. पाटे मोजावेत, ते कंपनीच्या संख्येशी जुळतात का पाहावे. एखादा पाटा बाकीच्यांपेक्षा नवा किंवा जाड असेल तर का घातला ते विचारावे. व्हॉल्व्हची दांडी जागेवर आहे की तारेने बांधून टाकली आहे, तेही पाहावे. मग मालकाच्या परवानगीने पासिंगइतके वजन टाकून गाडी चालवून बघावी, आणि ती चढावर नव्हे, उतारावर.