नमुना पाहून सौदा

किनवटच्या बाजारपेठेत कापसाची गाडी येऊन उभी राहिली की अनुभवी व्यापारी वरच्या पांढऱ्याशुभ्र थराकडे फारसे लक्ष देत नाही. बाही सारून तो हात कोपरापर्यंत आत घालतो, तळाचा मूठभर कापूस बाहेर काढतो, धागा ताणून पाहतो, ओलाव्याचा अंदाज घेतो आणि मगच भाव बोलतो. अशा सौद्यांवर तीन पिढ्या पोसलेल्या एका घरात मात्र नमुना न पाहताच ८४ हजार रुपयांचा सौदा होण्याच्या बेतात होता.

घरातील नात बी.कॉम. झाली होती. दुकानात बसणे किंवा बँकेच्या परीक्षा देणे यापेक्षा संकेतस्थळांची रचना, म्हणजे वेब डिझाइन, शिकावे असे तिच्या मनाने घेतले होते. पैनगंगेच्या काठी, तेलंगणाच्या सीमेलगत वसलेल्या या गावात तसा वर्ग तिला आढळला नाही. मोबाइलवर एका मोठ्या शहरातील संस्थेची जाहिरात दिसली. तिने चौकशीचा अर्ज भरला आणि तासाभरात फोन आला. सहा महिन्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम, नोकरीची शंभर टक्के हमी, दरमहा सात हजारांचे बारा बिनव्याजी हप्ते; आणि हे सारे त्याच रात्री बारा वाजेपर्यंत. हप्त्यांचे कर्ज तिच्या स्वतःच्या नावे निघणार होते. मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक सांगितला की प्रवेश निश्चित!

जेवणे झाल्यावर तिने विषय काढला. वडील म्हणाले, "यंदा उधारी वसूल झालेली नाही. आणि शिकून काम मिळाले नाही, तर हप्ते कोण भरणार?" तिने उत्तर दिले नाही. या प्रश्नामागचा न बोललेला भाग तिला कळत होता. हा प्रयत्न फसला, तर घरातून दुसरी संधी मिळणार नव्हती. मग चर्चा अभ्यासक्रमाची नव्हे, स्थळांची सुरू झाली असती.

आजोबा इतका वेळ ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रोख भरले तर किती?"

"बहात्तर हजार, आजोबा."

आजोबांनी पंचांगामागचा कोरा कागद ओढला. कटमितीचे व्याज त्यांच्या हाताखालून आयुष्यभर गेले होते. मुद्दल ७२ हजार, फेड ८४ हजार; म्हणजे व्याज १२ हजार. वरवर पाहता हा दर शेकडा सतराच्या आत वाटतो. परंतु मुद्दल दरमहा घटत जाते. वर्षभरात सरासरी ३९ हजारच वापरायला मिळतात. त्यावर १२ हजार व्याज म्हणजे शेकडा तीसच्या आसपास. कागद नातीपुढे सरकवून ते म्हणाले, "याला बिनव्याजी म्हणत नाहीत, बाळ. व्याज किमतीत लपवले आहे."

हा हिशेब आज प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किरकोळ कर्ज देणाऱ्याने ग्राहकाला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचे विवरणपत्र, दिले पाहिजे आणि त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर नमूद केला पाहिजे. ते वाचल्याशिवाय सांकेतिक क्रमांक सांगणे म्हणजे कोऱ्या हुंडीवर सही करणे होय. शिवाय वर्ग मध्येच बंद पडला, तरी कर्ज वेगळ्या कंपनीचे असल्याने हप्त्यांचा तगादा विद्यार्थ्याच्याच मागे लागू शकतो. सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रमांसाठी बँकांची कौशल्य कर्ज योजना २०१५ पासून आहे. तिची मर्यादा दीड लाखांवरून २०२४ मध्ये साडेसात लाखांपर्यंत वाढवण्यात आली. कर्ज काढायचेच असेल, तर आधी त्या दाराशी चौकशी करणे शहाणपणाचे.

रात्रीचे बारा वाजून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता फोन आला. तीच सवलत आणखी दोन दिवस वाढवण्यात आली होती. नात त्या दिवशी प्रथमच हसली.

आता तळाचा कापूस पाहायचा होता. संस्थेने माजी विद्यार्थ्यांची म्हणून दाखवलेली कामे तिने एकामागून एक उघडली. साचा एकच होता. रंग आणि छायाचित्रे तेवढी बदललेली. मग तिने संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ आजोबांच्या मोबाइलवर उघडून त्यांच्या हाती दिले. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील फिकट राखाडी अक्षरे त्यांना वाचता येईनात. जागतिक वेब संघटनेच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, हे तिने त्या दिवशी शोधून काढले. दोन माजी विद्यार्थिनींशीही ती बोलली. पहिला महिना शिक्षक प्रत्यक्ष शिकवत, नंतर केवळ ध्वनिचित्रफिती, असे एकीने सांगितले. 'हमी' या शब्दाचा अर्थ मुलाखतींसाठी नावे पाठवणे एवढाच होता, असे दुसरीने.

या चौकशीत तिला सर्वांत उपयोगी गोष्ट उमगली, ती म्हणजे शुल्क नेमके कशाचे असते. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. पानाचा सांगाडा उभारणारी एचटीएमएल, त्याला रूप देणारी सीएसएस आणि त्यात हालचाल आणणारी जावास्क्रिप्ट या भाषा कोणाच्या मालकीच्या नाहीत. मोझिलाची माहितीपाने आणि २०१४ साली सुरू झालेली फ्रीकोडकॅम्प ही संस्था त्या विनामूल्य शिकवतात. म्हणजे कच्चा माल फुकट आहे. पैसे द्यायचे ते आपली चूक दाखवणाऱ्या माणसाच्या नजरेचे.

तिने स्वतःलाच अट घातली, की तीन महिने कोणालाही पैसे द्यायचे नाहीत आणि घरच्या दुकानाचे पान स्वतः तयार करायचे. इस्लापूर, मांडवीकडचे शेतकरी कापसाच्या भावासाठी रोज सकाळी फोन करत; तो भाव पानावर मराठीत दिसावा, एवढाच संकल्प. काम सोपे निघाले नाही. ओळींमधील अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवल्यामुळे वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकू लागले. दुकानाचे मोठे छायाचित्र टाकताच कमजोर नेटवर्कवर पान उघडेना. ते छायाचित्र तिने आधी लहान केले, नंतर काढूनच टाकले. भाव पाहायला येणाऱ्याला दुकानाची पाटी पाहायची नसते, हा धडा कोणत्याही वर्गात न जाता मिळाला.

जावास्क्रिप्टपाशी मात्र ती अडली, आणि तेथे तिला वर्गाची गरज कळली. आता ती प्रश्न घेऊन बाहेर पडली होती. विद्यार्थी किती? शिकवणारा स्वतः हे काम करतो का? माझे काम दर आठवड्याला कोण तपासणार? मध्येच सोडल्यास किती पैसे परत, आणि ते लेखी देणार का? नांदेडमधील एका लहानशा वर्गाने चारही उत्तरे सरळ दिली, दोन दिवस विनाशुल्क बसू दिले आणि ३६ हजारांचे शुल्क तीन टप्प्यांत घेण्याचे मान्य केले. तेथे नोकरीची हमी नव्हती. शिक्षकांनी तिचे भावाचे पान पाहून आधी सहा चुका दाखवल्या. घरी येऊन तिने वडिलांना त्या सहाही वाचून दाखवल्या. वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मावशीकडे राहायचे विचारून ठेव."

पहिल्या टप्प्याचे १२ हजार दिले त्या दिवशी वडील ती रक्कम घरखर्चात लिहू लागले. आजोबांनी त्यांना थांबवले. वहीत नातीच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडायला लावले आणि रक्कम तिच्या नावे टाकली. ती अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या महिन्यात आहे. औषधांच्या एका दुकानाचे पान करून दिल्याबद्दल मिळालेले दीड हजार रुपये ही जमेच्या बाजूची आजवरची एकमेव नोंद. येणे अजून बरेच बाकी आहे. पण दर रविवारी किनवटला आल्यावर ती आधी ते पान उघडून पाहते.