पिल्लाचे दात आणि घरातले हात

“डॉक्टर, चावलं नाही हो, खेळताना नुसते दात लागले.” हे वाक्य मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. यंदा आमच्याच घरी अडीच महिन्यांचं पिल्लू आलं आणि ते घरातही ऐकू येऊ लागलं.

पिल्लू दात लावतं ते रागाने नव्हे. त्याला वस्तू तपासायची ती तोंडानेच. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं, खेळ सोडून जातं; त्यातून किती जोर चालतो हे पिल्लाला कळतं. म्हणूनच दोन महिन्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये. पुढे चौथ्या महिन्याच्या सुमारास सुईसारखे टोकदार २८ दुधाचे दात पडायला लागतात, मग पक्के ४२ येतात. तेव्हा तर हिरड्या शिवशिवतात आणि दिसेल ते चावलं जातं.

आम्ही एकच नियम केला. दात कातडीला लागले की खेळ बंद. हात झटकन ओढायचा नाही, कारण पळणाऱ्या हातामागे पिल्लू आणखी धावतं. हाताची घडी घालून उठायचं, अर्धा मिनिट त्याच्याकडे बघायचंही नाही. मग रबरी खेळणं देऊन पुन्हा खेळायचं. पिल्लापेक्षा आजोबांना शिकवायला जास्त वेळ लागला! “प्रेमाने चावतंय रे,” म्हणत ते बोट पुढे करायचे. घरातल्या एकाने जरी बोट दिलं तरी बाकीच्यांची मेहनत वाया जाते. चापट मात्र कोणीच मारायची नाही. हाताला घाबरलेला कुत्रा पुढे खरंच चावतो. आणि संध्याकाळी पिल्लू फारच अंगावर येऊ लागलं, तर बहुतेक वेळा त्याला झोप आलेली असते.

आता दवाखान्यातली बाजू. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. त्याआधी ते कोणत्या कुत्र्यांत वाढलं, हे बहुधा आपल्याला माहीत नसतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून रक्त न येता नुसतं खरचटलं तरी लस घ्यावी लागते; रक्त आलं तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. त्याआधी, लगेच, साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ बघून १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. पोटातली १४ इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली. आता महिनाभरात चार-पाच वेळा दंडात लस देतात, लहान बाळांना मांडीत.

माझ्या मुलीच्या मनगटावरचा ओरखडा आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसला. पिल्लाला परत पाठवतील या भीतीने तिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. पहिला डोस त्याच दुपारी झाला. तेव्हापासून रोज रात्री जेवणाआधी ती स्वतःच बाह्या वर करून दोन्ही हात दाखवते. पिल्लू अजून आमच्याकडेच आहे.