गाठीचा काठ

हाताला कंप सुटल्यापासून स्लाइडवर शाईचं वर्तुळ माझी विद्यार्थिनी काढते. आधी पाहतो मात्र मीच. वर्तुळ कुठं काढायचं, यावरून आमचं जवळजवळ रोज वाजतं.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठीतली कोणती जनुकं जागी आहेत हे बघायचं, तर वर्तुळातलाच भाग खरवडून आरएनएसाठी जातो. ती मध्य निवडते. तिथं कर्कपेशी गच्च, नमुना वाया जात नाही. मला हवा असतो काठ, जिथं गाठ स्नायूत घुसते आणि दोन-चार पेशींचे पुंजके सुटून पुढं निघतात. बिघडलेलं एपीसी जनुक मध्यावर आणि काठावर एकच. तरी काठावर बीटा-कॅटेनिन हे प्रथिन केंद्रकात जमतं, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन विरळ होतं. रोगाची चाल तिथं दिसते. पण नेमकं तिथंच फायब्रोब्लास्टचं, म्हणजे तंतू विणणाऱ्या आधारपेशींचं, रान माजलेलं असतं. खरवडलं की सगळं एकात एक. मग आलेला आकडा कोणाचा?

२०१५ साली जनुकांच्या अभिव्यक्तीवरून या रोगाचे चार गट ठरले. चौथ्याचं भवितव्य वाईट. त्याच वर्षी तुरीन आणि बार्सिलोनाच्या संशोधकांनी दाखवलं, की त्या वाईट खुणा बऱ्याच अंशी भोवतालच्या फायब्रोब्लास्टच्या आहेत. मला झालेला आनंद निव्वळ शास्त्राचा नव्हता. डोळ्यानं पाहणाऱ्याची गरज अजून आहे, म्हणजे माझी आहे, याचा तो आनंद होता. ऊतक दळून नुसता आलेख पाठवणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

आता नव्या यंत्रांवर जागेसकट आरएनए वाचता येतो. पण मे महिन्यात तुमसर-साकोलीहून आतडं न उघडताच बरणीभर फॉर्मॅलिनमध्ये कोंबून आलं, तर आतल्या आरएनएचे तुकडे झालेले असतात. तिथं कोणतं यंत्र काय वाचणार? आतडं उभं चिरा, दहापट फॉर्मॅलिन घाला, हे मी सर्जनना पुन्हा पुन्हा सांगतो.

गुदाशयाचा रोग मला सर्वांत छळतो. टाटा रुग्णालयाच्या २०१७ सालच्या लेखात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांचं सरासरी वय सत्तेचाळिसाच्या आसपास आहे, आणि त्यांत गुदाशयाचे पुष्कळ. आमच्याकडचे कित्येक मूळव्याध समजून महिनोन्‌महिने थांबलेले असतात. रोग वाढलेला, म्हणून किरणोपचार आधी, शस्त्रक्रिया नंतर. तसंच करायला हवं. पण आतडं माझ्या टेबलावर येईस्तोवर काठ जळून गेलेला असतो, आणि आधीच्या बायोप्सीत असतो फक्त आतल्या पृष्ठभागाचा चिमूटभर तुकडा. त्या काठावर कोणती जनुकं जागी होती, हे त्या माणसापुरतं कुणालाच कळत नाही.