घरातली तीन माणसं

रीगाला येऊन पाच वर्षं होत आली, पण माझिर्बेला जायचं राहूनच जात होतं. शेवटी या ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी गेलो. अडीच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि मागच्या सीटवर आमचे चिरंजीव (वय वर्षे सात) तोंड फुगवून बसलेले.

माझिर्बे म्हणजे लातवियाच्या वायव्य टोकाजवळचं छोटंसं गाव. हा लिव्होनियन लोकांचा किनारा. त्यांची भाषा फिनिश आणि इस्टोनियनच्या नात्यातली, लातवियनशी तिचं काही नातं नाही. 'कला' म्हणजे मासा! (मावशी, तू वाचत असशील तर हस खुशाल.) एक-दोन-तीनला इक्श, कक्श, कुओल्म. दरवर्षी याच शनिवारी तिथे त्यांचा मेळावा भरतो. हिरवा-पांढरा-निळा झेंडा, गाणी, धुरावलेले मासे. त्यांचं गीत सुरू झालं तसा नवरा कुजबुजला, "अगं, हे तर फिनलंडचं राष्ट्रगीत!" चाल खरंच तीच आहे, इस्टोनियाचीही तीच.

मेळावा भरतो त्या पांढऱ्या इमारतीचं उद्घाटन 6 ऑगस्ट 1939 चं. फिनलंड, इस्टोनिया, हंगेरी, सगळ्या भाषाभगिनींनी मदत करून ती उभी राहिली, आणि महिन्याच्या आत महायुद्ध सुरू झालं. नशीब म्हणतात ते हेच. पुढे सोव्हिएत काळात हा किनारा म्हणजे सरहद्दीचा बंदिस्त पट्टा. कोळ्यांची गावं, आणि समुद्रात जायला मोकळीक नाही. माणसं पोटासाठी शहरांकडे पांगली. गावाजवळच्या झाडीत त्यांच्या जुन्या लाकडी होड्या अजून कुजत पडल्यात. तिथे मी बराच वेळ उभी होते. पोरगा एरवी अशा ठिकाणी उड्या मारतो, तोही गप्प होता.

ग्रिझेल्दा क्रिस्तिन्या या आजी इथल्याच वाइदे गावच्या, जन्म 1910. 1944 मध्ये स्वीडनला पळाल्या, तिथून कॅनडाला. 2013 मध्ये 103 व्या वर्षी गेल्या, तेव्हा लिव्होनियन मातृभाषा असलेलं शेवटचं माणूस गेलं अशा बातम्या आल्या. त्यांच्या शेवटच्या वर्षांत आजूबाजूला ही भाषा कळणारं कोण असेल, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

आज ही भाषा नीट बोलणारे जेमतेम वीस-तीस. 2012 मध्ये मोठा शब्दकोश निघाला, 2018 मध्ये लातविया विद्यापीठात लिव्होनियन संस्था सुरू झाली. सगळं चांगलंच आहे, पण मला जास्त भावलं ते एका जोडप्याचं. 2020 मध्ये त्यांना बाळ झालं आणि त्यांनी ठरवलं, याच्याशी लिव्होनियनमध्येच बोलायचं. त्या दोघांचीही ती मातृभाषा नाही! शिकलेल्या भाषेत मुलाला झोपवायचं, रागवायचं, लाड करायचे... मला तर मातृभाषेत जमेना.

हो, जमेना. गेलं वर्षभर चिरंजीव मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतात. शाळेत इंग्रजी, खाली अंगणात लातवियन. आई फोनवर म्हणते, "अगं, काय सुलतानी संकट आलंय? आठ कोटी माणसं बोलतात मराठी, राहील तो शिकल्याशिवाय?" मीही स्वतःची अशीच समजूत घालत होते. संध्याकाळी दमून आल्यावर कोण भांडणार, म्हणून मीच इंग्रजीवर घसरत होते. (दोष त्याच्या एकट्याचा नाही हे लिहायला आज धीर झाला.) पण 2011 च्या जनगणनेतले ते सव्वाआठ कोटी आमच्या फ्लॅटमध्ये येऊन त्याच्याशी बोलणार नाहीत. इथे आम्ही तीनच. त्या जोडप्याच्या घरीही तेवढेच.

परतताना अंधार पडत आला होता. मागून आवाज आला, "मॉम, हू डझ दॅट बेबी प्ले विथ?"

मी म्हटलं, "मराठीत विचार."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, झोपला. मग कोल्का मागे पडल्यावर हळूच, "आई... तो बाळ... कोणाशी खेळते?"

'खेळतं' म्हणायचं असतं, हे मी त्याला सांगितलं नाही.