दाखल्याशिवाय सुटलेली शाळा

न्यू जर्सीतल्या एडिसन शहरात मुलाला शाळेतून काढायला ‘शाळा सोडल्याचा दाखला’ लागत नाही. अमुक तारखेपासून मुलाचे शिक्षण घरी होईल, एवढे एक पत्र शाळेला दिले की झाले. राज्यात सहा ते सोळा हे सक्तीच्या शिक्षणाचे वय आहे, पण कायद्याच्या त्याच कलमात शाळेबाहेर समतुल्य शिक्षण देण्याची मुभाही आहे. अभ्यासक्रम मंजूर करून घ्यावा लागत नाही की वर्षअखेरीस परीक्षा द्यावी लागत नाही. पत्र न देता मूल नुसते घरी बसवले, तर मात्र गैरहजेरी लागत जाते आणि प्रकरण अंगाशी येते. म्हणून पत्र पोच मागून टपालाने पाठवतात. ती पोच हिरव्या कार्डावर सही होऊन परत येते. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या घरात पहिले हिरवे कार्ड येते ते असे!

ही मोकळीक एका आईच्या खटल्यामुळे पक्की झाली. पेक्वानॉकच्या बार्बरा मासा यांनी मुलीला घरी शिकवले म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. त्यांचे स्वतःचे शिक्षण हायस्कूलपर्यंतचे. १९६७ साली मॉरिस काउंटीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. शिक्षण समतुल्य हवे म्हणजे अभ्यासाच्या दृष्टीने समतुल्य हवे. शाळेत मिळतो तसा समवयस्कांचा सहवास घरी मिळालाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, असा निकालाचा आशय होता. त्याच सहवासाला विटून मूल घरी बसले असेल, तर हा मुद्दा फार मोलाचा आहे.

मूल शाळेला विटते ते बहुधा छळामुळे, पण एडिसनमधला हा छळ गोऱ्या मुलांकडूनच होतो असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. भारतीय बाजारपेठेच्या ओक ट्री रोडवरल्या या गावात वर्गातली कितीतरी मुले भारतीय वंशाची असतात. पुण्याच्या हडपसरहून आठवी-नववीत आलेल्या मुलाचे उच्चार, डब्यातली लसणाची चटणी, आडनावाची इंग्रजीत होणारी मोडतोड यांवर पहिला हशा अनेकदा तिथेच जन्मलेल्या देशी मुलांचा असतो. नवख्यासाठी त्यांच्याकडे ‘फॉब’ हा शब्द तयारच असतो. अर्थ, नुकताच बोटीतून उतरलेला. आईवडिलांना हे उशिरा कळते, कारण ‘आपलीच मुले आहेत’ म्हणून ते निर्धास्त असतात.

शाळेतून नाव काढण्याआधी छळाची तक्रार लेखी करणे शहाणपणाचे. जानेवारी २०११ मध्ये सही झालेल्या छळविरोधी कायद्यानुसार प्रत्येक शाळेत या कामासाठी नेमलेली व्यक्ती असते, आणि लेखी अहवालानंतर शाळेच्या दहा दिवसांत चौकशी संपवावी लागते. रटगर्स विद्यापीठातला विद्यार्थी टायलर क्लेमेंटी याने सप्टेंबर २०१० मध्ये आत्महत्या केल्यावर हा कायदा झपाट्याने झाला. चौकशीतून मुलाला बरे वाटेलच असे नाही, पण कागद राहतो.

शाळा सुटल्यावर पहिल्या महिन्यांत अभ्यास जवळजवळ होत नाही. मूल अकरापर्यंत झोपते, फोन उलटा ठेवते, पिवळी ‘स्कूल बस’ दिसली की खिडकीपासून सरकते. शाळेत काढलेल्या दर वर्षामागे एक महिना मोकळा, असा ढोबळ हिशेब घरी शिकवणारे पालक सांगतात. सोमवारपासून वेळापत्रक भिंतीवर लावणारे पालक सहसा महिनाभरात ते उतरवतात. घरी थांबणारी बहुधा आईच असते. नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर नोकरीची परवानगी २०१५ पासून काहींनाच मिळू लागली; बाकीच्यांच्या हाताशी पदवी असते आणि वेळही.

गणित कित्येकदा हडपसरहून आजोबा व्हिडिओ कॉलवर शिकवतात. एडिसनला सकाळचे दहा, तेव्हा हडपसरला संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळे मागे गेली की साडेआठ, म्हणजे नेमकी आजोबांची जेवायची वेळ. पडद्यावर आजोबांचे कपाळ आणि वहीचा कोपरा दिसतो, मागून सोलापूर रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात. पालख्या हडपसरला येतात त्या दिवशी तासाला सुट्टी. ज्ञानोबांची पालखी इथून सासवडकडे वळते, तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते, आणि आजोबा गर्दीत काढलेले फोटो पाठवतात. वर्गसमीकरणे यातूनही होतात. शिवाय, उच्चारांना न हसणारा एक माणूस मुलाला रोज भेटतो, हे समीकरणांपेक्षा मोठे काम आहे.

घरी शिकलेल्याला शाळेचा डिप्लोमा मिळत नाही. त्यामुळे विषय, पुस्तके, तास आणि लिहिलेले निबंध यांची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. कॉलेजला गुणपत्रक आईवडीलच तयार करून देतात. दुसरी वाट सार्वजनिक कॉलेजातून जाते: ठरावीक विषयांची तीस क्रेडिट्स मिळवली की राज्य स्वतःचा डिप्लोमा देते. एडिसनमध्येच मिडलसेक्स कॉलेज आहे.

व्हिसाचे गणित फसून कुटुंब हडपसरला परतले, तर दाखल्याचा प्रश्न पुन्हा दारात येतो. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म भरायचा. त्यासोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला, तो नसल्यास दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र मागतात. म्हणून अमेरिकेतल्या शेवटच्या शाळेकडून शिक्षणाची अधिकृत नोंद निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावी चौदा वर्षे पूर्ण झालेल्याला देता येते आणि तिथे आधीच्या अभ्यासाबद्दल स्वयंघोषणापत्र चालते. दोन्हींपैकी काहीही निवडले तरी ‘बाहेरून बसलाय’ म्हटल्यावर शेजारी नापास झाला का असे विचारतात, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा आजोबाच देतात.